भाषाशिक्षकांना डिजिटल प्रशिक्षण कसे द्यावे: नव्या सुलभकांसाठी मार्गदर्शन

नाशिक जिल्ह्यातील अनेक शाळांत आता काही ना काही डिजिटल साधन पोहोचले आहे. कुठे लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आहे, कुठे भिंतीवर स्मार्ट टीव्ही आहे, कुठे चार-दोन टॅब आहेत, आणि जिथे यांपैकी काहीही नाही तिथेही शिक्षकाच्या खिशात स्मार्टफोन असतो. असे असूनही भाषेचा तास पुष्कळदा पूर्वीसारखाच चालतो. कविता टीव्हीवर लागते, मुले ती ऐकतात, एक-दोन हुशार मुले प्रश्नांची उत्तरे देतात आणि घंटा होते. साधन कसे चालवावे याचे प्रशिक्षण शिक्षकाला मिळालेले असते. ते भाषा शिकवण्यासाठी कसे वापरावे याचे मात्र मिळालेले नसते.

अशा प्रशिक्षणाची जबाबदारी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. केंद्रप्रमुख, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील विषय सहायक, गट साधन केंद्रातील साधनव्यक्ती किंवा सहकारी ज्यांना ‘तंत्रस्नेही’ म्हणून ओळखतात असे शिक्षक, यांपैकी कोणीही सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारी व्यक्ती, म्हणून उभे राहिले तरी पुढील पायऱ्या त्यांच्या कामी याव्यात असा प्रयत्न केला आहे. सगळ्या पायऱ्यांना एकच कसोटी लावली आहे: या साधनामुळे वर्गातील प्रत्येक मूल आज अधिक बोलले का, अधिक वाचले का, अधिक लिहिले का? उत्तर नकारार्थी असेल, तर ते साधन कितीही आकर्षक असले तरी भाषेच्या तासाला त्याची गरज नाही.

पायरी १: शाळा आणि मुलांची घरची भाषा समजून घ्या

प्रशिक्षणाचा आराखडा करण्याआधी सहभागी शिक्षकांकडून एक पानभर माहिती मागवावी. शाळेत वीज किती तास असते, नेट वर्गात मिळते की केवळ मैदानाच्या एखाद्या कोपऱ्यात, टीव्हीला पेन ड्राइव्ह चालतो का, शिक्षकाच्या फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात; परंतु सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शिक्षकासमोर सतत नेट लागणारे ॲप ठेवले, तर प्रशिक्षणाचा तो तास पूर्णपणे वाया जातो. पावसाळ्यात इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात वीज आणि नेट दोन्ही खंडित होतात, हे गृहीत धरून प्रत्येक कृती नेटशिवाय करता येईल अशीच निवडावी आणि नेट असल्यास तिचा विस्तार करता येईल अशी रचना ठेवावी.

मुलांच्या घरच्या भाषेची माहिती याहून महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक आराखड्यांत राहून जाते. बागलाण, कळवण, देवळा आणि मालेगावच्या खेड्यांत अहिराणी बोलली जाते. सुरगाणा-पेठकडे कोकणा मुले मोठ्या संख्येने आहेत. आश्रमशाळांत एकाच वर्गात दोन-तीन बोली ऐकू येतात. मालेगाव शहरात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. द्राक्षांच्या हंगामात निफाड आणि दिंडोरीच्या शाळांच्या परिसरात बाहेरच्या तालुक्यांतून मजूर कुटुंबे येतात आणि त्यांच्याबरोबर वेगळी बोली बोलणारी मुलेही येतात. नाशिक शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेची अडचण आणि हातगडजवळच्या वस्तीशाळेतील गुरुजींची अडचण एक नसते. दोघांना एकाच सभागृहात बसवावे लागले, तरी सरावाचे गट वेगळे करावेत.

पायरी २: आधी कौशल्य ठरवा, नंतर साधन निवडा

नव्या सुलभकाचा कल साधारणपणे अधिकाधिक ॲप दाखवण्याकडे असतो. सहभागी शिक्षकांनाही ते आवडते, कारण घरी जाताना हातात मोठी यादी असते. त्या यादीतील बहुतेक ॲप पुढे कधी उघडली जात नाहीत.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली ‘टीपॅक’ ही चौकट येथे उपयोगी पडते. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वेगवेगळी असतात, आणि शिक्षकाचे खरे काम ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे चालते, असा तिचा सारांश सांगता येईल. शिक्षकांना ही चौकट आकृती काढून शिकवण्याची आवश्यकता नाही. सुलभकाने स्वतःचे सत्र तपासण्यासाठी ती वापरावी. प्रत्येक सत्राच्या आराखड्यात पहिले वाक्य भाषेचे असावे: ‘तिसरीतील मुले ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगतील’ किंवा ‘सातवीतील मुले स्वतःच्या लेखनातील चुका स्वतः शोधतील’. साधनाचे नाव दुसऱ्या वाक्यात यावे. पहिले वाक्य लिहिता येत नसेल, तर ते सत्र घेऊ नये.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात चारपेक्षा अधिक कृती ठेवू नयेत. माझ्या मते देवनागरी टंकलेखन, आवाजाचे ध्वनिमुद्रण, चित्रफितीचा नेमका वापर आणि वाचनाची नोंद या चार कृती प्रत्येक भाषाशिक्षकाला याव्यात, मग माध्यम कोणतेही असो. बाकीचे सर्व नंतर येऊ शकते.

पायरी ३: वेळापत्रक आणि बैठक

जून महिना प्रवेश आणि पाठ्यपुस्तक वाटपात जातो आणि परीक्षांच्या तोंडावर शिक्षक मनाने प्रशिक्षणात नसतात. म्हणून जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सोयीचे ठरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी किमान ५० तास मिळावेत अशी अपेक्षा आहे. दोन दिवसांच्या वर्गातून त्यांतील जेमतेम १२ तास भरतात. उरलेल्या तासांतील काही भाग शाळाभेटी, केंद्राची मासिक शिक्षण परिषद आणि शिक्षकांनी आपापसांत पाहिलेले पाठ यांत विभागला, तर प्रशिक्षण वर्षभर चालू राहते.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी १९८० पासून शिक्षक-प्रशिक्षणाविषयी जे लिहिले, त्यात पाच घटक सांगितले आहेत: तत्त्व समजावणे, प्रात्यक्षिक दाखवणे, सराव करून घेणे, अभिप्राय देणे आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात सोबत करणे. यांतील शेवटचा घटक वगळला, तर शिकलेली गोष्ट वर्गापर्यंत फार थोडी पोहोचते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. आपल्याकडील प्रशिक्षणे बहुधा पहिल्या दोन घटकांवर थांबतात. म्हणून प्रत्येक सत्राचा किमान अर्धा वेळ शिक्षकांच्या हातांना काम देण्यासाठी राखावा, आणि शाळाभेटींच्या तारखा प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी जाहीर कराव्यात.

एका गटात पंचविसांहून अधिक शिक्षक घेऊ नयेत आणि सुलभक दोन असावेत: एक बोलणारा आणि एक बाकांमधून फिरणारा. फिरणाऱ्याचे काम अधिक मोलाचे असते. ज्याचा फोन अडला आहे तो शिक्षक सर्वांसमोर हात वर करत नाही. विशेषतः निवृत्तीला आलेल्या ज्येष्ठ बाई किंवा गुरुजी गप्प राहणे पसंत करतात. त्यांच्या शेजारी जाऊन बसावे, फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा आणि बोट त्यांनाच फिरवू द्यावे. आपण त्यांच्या हातातून फोन घेऊन काम करून दिले, तर ते काम होते पण त्यांना येत नाही. वर्ग हाताळण्याचा या शिक्षकांचा अनुभव पुढे पाठ आखताना सर्वांच्या उपयोगी पडतो, हेही त्यांना सांगावे, कारण ते खरे आहे.

सभागृहात विजेचे एक्स्टेन्शन बोर्ड पुरेसे ठेवावेत आणि लागणाऱ्या सर्व फाइल पेन ड्राइव्हवर आधीच भरून आणाव्यात. पंचवीस फोन एकाच वायफायवर काहीतरी डाउनलोड करू लागले की सत्र तिथेच थांबते.

पायरी ४: देवनागरी टंकलेखन

हे सत्र सर्वांत आधी घ्यावे आणि त्याला भरपूर वेळ द्यावा. भाषाशिक्षकाला स्वतःच्या भाषेत निर्दोष टंकलेखन करता येत नसेल, तर त्याने बनवलेली प्रत्येक कार्यपत्रिका दुसऱ्याच्या लेखनावर अवलंबून राहते.

सुरुवात युनिकोडपासून करावी, पण थोडक्यात. जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जगातील कोणत्याही फोनवर तोच असतो. अनेक शाळांत प्रश्नपत्रिका अजून जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. शिक्षकांना त्यातील एक फाइल फोनवर उघडायला लावावी, म्हणजे पुढील स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

त्यानंतर प्रत्येकाच्या फोनमध्ये कळफलकाची भाषा ‘मराठी’ आहे याची खात्री करावी. पुष्कळांच्या फोनमध्ये ‘हिंदी’ निवडलेली असते. मग ‘ळ’ शोधावा लागतो आणि सुचवले जाणारे शब्दही हिंदीतले येतात. रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळवण्याची सोय वेगवान आहे, हे मान्य करावे. परंतु भाषाशिक्षकाने देवनागरी अक्षरांचाच कळफलक शिकावा असा माझा आग्रह आहे, कारण रोमन पद्धतीत ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय फोन घेतो आणि शिक्षक तो निमूटपणे स्वीकारतो. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा मानक कळफलक आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात, आणि भारतीय लिप्यांसाठी मांडणी सारखीच असल्याने मराठी शिकलेल्याला हिंदी वेगळे शिकावे लागत नाही.

देवनागरी कळफलकाचा खरा लाभ वर्गात दिसतो. त्यावर जोडाक्षर त्याच्या घटकांतून घडवावे लागते. ‘प्रकाश’ लिहिताना प, हलंत (अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह), र असा क्रम असतो. ‘पर्वत’ लिहिताना र, हलंत, व असा असतो. दोन्ही शब्दांत ‘र’ डोळ्यांना वेगळ्या ठिकाणी दिसतो, पण कळफलकावर तो उच्चाराच्या क्रमानेच येतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी दिसत असली, तरी ती ‘क’नंतर टाइप होते. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या चौथी-पाचवीच्या मुलांना टॅबवर किंवा शिक्षकाच्या फोनवर असे दहा शब्द घडवू दिले, तर उच्चार आणि लेखन यांचा संबंध त्यांना हाताने कळतो. शिक्षकांकडून हाच सराव आधी करून घ्यावा. सरावासाठी पर्वत, प्रकाश, क्षण, ज्ञान, कृती, चंद्र, बाळ, ॲप हे शब्द घ्यावेत आणि शेवटी ‘दर्या’ व ‘दऱ्या’ ही जोडी द्यावी. पहिला शब्द समुद्राचा, दुसरा त्र्यंबकच्या डोंगरांतला. दुसऱ्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलंत आणि मग ‘य’ असा क्रम लागतो. अनेक शिक्षकांना ही कळ कोठे आहे हे ठाऊक नसते आणि ते ‘दर्या’ लिहूनच पुढे जातात.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांना फाँटविषयी एक सूचना अवश्य द्यावी. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे निश्चित केली असून त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले आहेत. काही फाँटमध्ये मात्र ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. अक्षर नुकतेच ओळखू लागलेल्या मुलाला पुस्तकात एक ‘ल’ आणि टीव्हीवर दुसरा ‘ल’ दाखवू नये.

बोलून टंकलेखन करण्याची सोयही येथेच दाखवावी. शिक्षकाने एक परिच्छेद सावकाश बोलावा आणि फोनने लिहिलेला मजकूर तसाच ठेवावा. विरामचिन्हे बहुधा नसतात, एखादे नाव चुकते, ‘नि’ आणि ‘नी’ यांचा गोंधळ असतो. हाच अशुद्ध मजकूर वर्गात टीव्हीवर दाखवून मुलांकडून दुरुस्त करून घेता येतो. आपल्या चुका शोधायला संकोचणारी मुले यंत्राच्या चुका उत्साहाने शोधतात. मूल अहिराणीत ‘माले’ म्हणाले आणि फोनने काहीतरी भलतेच लिहिले, तर ती यंत्राची मर्यादा आहे, मुलाच्या बोलण्याचा दोष नाही, हे शिक्षकाने मुलाला त्याच क्षणी सांगितले पाहिजे.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांचा गट या सत्रात वेगळा बसवावा. त्यांचे लेखन उजवीकडून डावीकडे जाते, परिच्छेदाची दिशा बदलावी लागते आणि नस्तालिक वळणाचा फाँट लागतो. हे सर्व जाणणारा सुलभक त्याच माध्यमातून घ्यावा.

पायरी ५: आवाजाचे ध्वनिमुद्रण

एकच साधन निवडायचे असेल, तर मी फोनमधील ध्वनिमुद्रक निवडेन. त्याला नेट लागत नाही, वीज थोडी लागते आणि तो प्रत्येक फोनमध्ये असतो किंवा विनामूल्य मिळतो. चाळीस मुलांच्या वर्गात एका तासात प्रत्येक मुलाला सलग बोलण्याची संधी देणे शिक्षकाला शक्य होत नाही. चार-चार मुलांचे गट करून, एका गटातील मुलांनी व्हरांड्यात जाऊन प्रत्येकी दोन मिनिटे बोलायचे आणि बाकीच्यांनी लेखन करायचे अशी पाळी लावली, तर दोन-तीन तासांत सर्वांचे बोलणे नोंदले जाते आणि शिक्षकाला ते नंतर निवांत ऐकता येते.

तंत्र थोडेच आहे, पण ते करून दाखवावे लागते. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा फटका बसत नाही. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपराखाली पावसात ध्वनिमुद्रण होत नाही, त्यामुळे त्या दिवशी दुसरी कृती तयार ठेवावी. फाइलला लगेच नाव द्यावे: इयत्ता, गट, दिनांक. नाव न दिलेल्या पन्नास फाइलमधून महिन्यानंतर एक शोधणे फार कठीण जाते.

प्रशिक्षणात शिक्षकांकडून पुढील कृती पूर्ण करून घ्यावी. प्रत्येक गटातील एकाने आपल्या गावाकडच्या बोलीत एक छोटी गोष्ट सांगावी आणि दुसऱ्याने ती मुद्रित करावी. मग गटाने ती वाक्यावाक्याने थांबवून, जशी ऐकू आली तशी देवनागरीत लिहावी, आणि शेजारच्या स्तंभात प्रमाण मराठीत लिहावी. दोन्ही स्तंभ पूर्ण झाल्यावर काय बदलले याची चर्चा व्हावी: क्रियापदाचे रूप बदलले का, प्रत्यय बदलला का, एखाद्या शब्दाला प्रमाण मराठीत नेमका पर्याय मिळालाच नाही का. हीच कृती वर्गात नेली की मूल आजीकडून गोष्ट मिळवून आणते, ती वर्गाला ऐकवते, लिहिते आणि प्रमाण भाषेत मांडते. म्हणजे ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चारही कामे एका गोष्टीभोवती होतात. मुलाची घरची भाषा वर्गात प्रतिष्ठेने येते, आणि प्रमाण भाषाही तिच्या आधारानेच शिकवली जाते. या कृतीसाठी मी कितीही वेळ द्यायला तयार असतो.

इंग्रजीच्या शिक्षकांसाठी याच साधनाचा वेगळा उपयोग आहे. मूल एक वाक्य वाचते, ते मुद्रित होते, मग शब्दकोशातील किंवा पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीतील उच्चार ऐकते आणि पुन्हा मुद्रित करते. शिक्षकाने केवळ दुसऱ्या प्रयत्नावर अभिप्राय द्यावा. पहिल्या प्रयत्नावर चुका सांगितल्या, तर दुसरा प्रयत्न करण्याचे धाडस मूल गमावते.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. ते नाशिकचे रहिवासी असल्याने येथील शाळांना या दिवसाचे विशेष अगत्य असते. जुलैत प्रशिक्षण झालेल्या शाळांना त्या दिवशी मुलांनी गोळा केलेल्या गोष्टींचे ‘ऐकण्याचे प्रदर्शन’ भरवण्याचे उद्दिष्ट द्यावे. वर्षभराचे काम त्यामुळे एका दिशेने जाते.

पायरी ६: चित्रफीत आणि टीव्ही

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या शासकीय डिजिटल मंचावरील साहित्य मिळते. हा मंच २०१७ पासून कार्यरत आहे आणि त्यावरील बरेच साहित्य डाउनलोड करून नंतर नेटशिवाय दाखवता येते. गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ उपयुक्त आहे. तेथील मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने त्या छापणे, त्यांत बदल करणे आणि मुलांच्या बोलीत त्यांचा अनुवाद करणे हे सर्व श्रेय देऊन करता येते.

फीत तीन-चार मिनिटांहून मोठी नसावी. पहिल्यांदा ती आवाज बंद करून दाखवावी आणि मुलांनी काय घडते आहे ते सांगावे. दुसऱ्यांदा आवाजासह दाखवताना शिक्षकाने आधी ठरवलेल्या दोन-तीन ठिकाणी थांबावे आणि ‘आता काय होईल?’ असे विचारावे. तिसऱ्यांदा न दाखवता मुलांनी ती लिहावी. प्रशिक्षणात शिक्षकांकडून एका फितीची थांबण्याची ठिकाणे मिनिट-सेकंदासह लिहून घ्यावीत. थांबण्याची जागा आधी ठरलेली नसेल, तर बहुतेक वेळा फीत शेवटपर्यंत चालूच राहते.

पायरी ७: वाचनाची नोंद

निपुण भारत हे पायाभूत वाचन-लेखन आणि संख्याज्ञानासाठीचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. त्यातील लक्ष्यांनुसार दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द समजपूर्वक वाचावेत अशी अपेक्षा आहे. शिक्षकांना हे आकडे ठाऊक असतात. ते मोजण्याची सोपी रीत मात्र हवी असते. मुलाला न वाचलेला उतारा द्यावा, एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे, नंतर ऐकताना उताऱ्याच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांवर खूण करावी आणि शेवटी दोन प्रश्न विचारून आकलन पाहावे. जुलै, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये एकाच मुलाच्या तीन नोंदी शेजारी ऐकल्या, तर प्रगती पालकांनाही सहज कळते.

मराठीत शब्दमोजणी करताना एक काळजी घ्यावी. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘घरासमोरच्या’ हा मोजणीत एकच शब्द, पण वाचणाऱ्या मुलाला तो तीन शब्दांइतका जड असतो. दोन वेगवेगळ्या उताऱ्यांवरील आकड्यांची तुलना करताना उताऱ्यांची काठिण्यपातळी सारखी आहे का हे आधी पाहावे, आणि मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी.

ऑनलाइन प्रश्नावली सातवीच्या पुढे उपयोगी पडतात, पण त्यांत बहुपर्यायी प्रश्न अधिक आणि लेखन कमी असते. भाषेच्या मूल्यमापनात त्यांना दुय्यम स्थान द्यावे.

पायरी ८: संमती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

मुलांचे आवाज आणि चेहरे ही त्यांची खासगी बाब आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत, त्यांना कळेल अशा भाषेत हेतू सांगून लेखी संमती घ्यावी. मुलांच्या ध्वनिफिती शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर किंवा स्टेटसवर ठेवू नयेत. अडखळत वाचणाऱ्या मुलाची फीत गावभर फिरली, तर ते मूल पुन्हा मोठ्याने वाचायला तयार होणार नाही.

चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी साधने शिक्षक वापरू लागले आहेत, म्हणून त्यांचेही एक छोटे सत्र असावे. एकच उतारा तीन काठिण्यपातळ्यांवर लिहून घेणे किंवा प्रश्नांचा पहिला मसुदा मिळवणे, यांसाठी ती कामाची आहेत. पण मराठीत त्यांच्यावर हिंदी आणि इंग्रजीची छाया पडते. ‘चांगली पुस्तक’ असे लिंग चुकते, वाक्यरचना परकी होते, आणि अस्तित्वात नसलेले संदर्भही आत्मविश्वासाने दिले जातात. प्रत्येक गटाला असा एक उतारा छापून द्यावा आणि लाल पेनाने तपासायला सांगावे. भाषाशिक्षकाने मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय कोणताही उतारा वर्गात नेऊ नये, आणि मुलांची नावे किंवा त्यांचे लेखन अशा साधनांत टाकू नये.

पायरी ९: शाळाभेटी

पहिली भेट प्रशिक्षणानंतर पंधरा दिवसांच्या आत व्हावी. उशीर झाला की शिकलेले मागे पडते आणि भेट तपासणीसारखी वाटू लागते. भेटीआधी शिक्षकाला कोणती कृती पाहायला आवडेल ते विचारावे आणि तीच पाहावी. वर्गात मागे बसून सुलभकाने एकच नोंद करावी: कोणत्या मुलाने किती वेळ भाषा वापरली. पाठानंतर ही नोंद शिक्षकापुढे ठेवावी आणि निष्कर्ष त्यालाच काढू द्यावा. मागच्या बाकावरील सात मुले तासभर एक वाक्यही बोलली नाहीत, हे नोंदवहीत दिसल्यावर पुढच्या वेळी काय बदलायचे ते शिक्षक स्वतःच सांगतो.

दुसऱ्या भेटीत सुलभकाने शिक्षकाबरोबर मिळून पाठ घ्यावा. विशेषतः एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत दुसरा हात मिळणे हीच मोठी मदत असते; एक जण गटाबरोबर व्हरांड्यात ध्वनिमुद्रण करतो, दुसरा वर्ग सांभाळतो. तिसऱ्या भेटीऐवजी केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत त्या शिक्षकाने आपला पाठ दहा मिनिटांत मांडावा, मुलांचे एक ध्वनिमुद्रण पालकांच्या संमतीने ऐकवावे आणि अडचणीही सांगाव्यात. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून सेवेत असताना पदवी पूर्ण केलेले अनेक शिक्षक जिल्ह्यात आहेत. स्वयंअध्ययनाची सवय असलेल्या अशा शिक्षकांना परिषदेत पुढील महिन्याची एक कृती तयार करून आणण्यास सांगितले, तर सुलभकाचा भार हलका होतो.

प्रत्येक केंद्रासाठी एक सामाईक पेन ड्राइव्ह ठेवावा. त्यात इयत्तेनुसार फोल्डर असावेत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये थांबण्याच्या जागा लिहिलेल्या फिती, समान काठिण्याचे तीन उतारे, संमतिपत्राचा नमुना आणि शिक्षकांनी स्वतः बनवलेल्या कार्यपत्रिका असाव्यात. मुलांची ध्वनिमुद्रणे त्यात ठेवू नयेत. ती त्या-त्या शाळेतच राहावीत. परिषदेच्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने त्यातून हवे ते घ्यावे आणि आपले एक तरी साहित्य त्यात भरावे. नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच या पेन ड्राइव्हची प्रत आणि ज्याच्या वर्गात जाऊन पाठ पाहता येईल अशा एका सहकाऱ्याचे नाव द्यावे.